मृगातली मरळ

उत्तर अमेरिकेतल्या ओढ्यांवर बास माशासाठी गळ टाकणाऱ्यांचा हंगाम वसंतात सुरू होतो. बर्फ वितळून गेलेला असतो, पाणी रोज थोडे थोडे कोमट होत असते, आणि हिवाळाभर खोल डोहात सुस्त पडून राहिलेला मासा काठालगतच्या उथळ, खडकाळ पाण्यात येतो. या सुरुवातीच्या आठवड्यांत तो जितका सहज गळाला लागतो तितका वर्षभरात पुन्हा क्वचितच लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातल्या नद्यांचे वर्ष मात्र वसंतात उगवत नाही. चैत्र-वैशाखात सुखना, शिवना, गिरिजा यांची पात्रे बहुतेक ठिकाणी कोरडी पडतात आणि पाणी उरते ते डोहांत, बंधाऱ्यांच्या पोटात. आपल्या ओढ्यांचे नवे वर्ष जूनच्या ७-८ तारखेला मृग नक्षत्र लागल्यानंतर, पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले की सुरू होते. पाणी वाहू लागते, मासे हलू लागतात, आणि गळ घेऊन काठावर जाण्याची ओढही तेव्हाच सर्वांत तीव्र असते. मला या प्रकरणात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. आपल्या ओढ्यांतली मरळ ही बासच्या जागी असलेली शिकारी मासळी आहे, आणि ज्या कारणाने बास वसंतात सहज सापडतो त्याच कारणाने मरळ मृगात सहज सापडते. त्यामुळे मृगापासून घटस्थापनेपर्यंतचा काळ मरळीवर गळ टाकण्याचा मानू नये. हंगामाची सुरुवात हा आपल्याकडे हंगाम नव्हेच.

आधी फ्लाय फिशिंग या गळाच्या कलेची थोडी ओळख करून घेऊ, कारण पुढचा युक्तिवाद तिच्या रीतीवरही अवलंबून आहे. नेहमीच्या गळात आमिषाला किंवा शिशाला वजन असते आणि फेकल्यावर ते दोरीला आपल्यामागे ओढत नेते. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटे असते. पिसे, लोकर, दोरा किंवा फोम गरीवर बांधून केलेली कृत्रिम माशी जवळजवळ वजनहीन असते, म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. लवचीक काठीने जाड दोरी मागे-पुढे हवेत फिरवून तिचा वेटोळा उलगडत न्यायचा आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरवायची, असे हे कसब आहे. रोमन काळातला लेखक ईलियन याने इसवी सन २०० च्या सुमारास मॅसिडोनियातल्या लोकांचे वर्णन केले आहे. गरीवर लाल लोकर गुंडाळून आणि कोंबड्याची पिसे लावून ते नदीतले मासे धरत. या पद्धतीत आमिषाला वास नसतो, चव नसते. माशाला ते दिसले तरच तो त्याच्याकडे वळतो. म्हणजे माशी नजरेला फसवते, आणि त्यासाठी पाण्यात नजर पोचायला हवी. ही अट लक्षात ठेवावी, ती पुढे कामाला येईल.

आता बास वसंतात एवढ्या सहज का सापडतो ते पाहू. त्याच्या दोन प्रमुख जाती आहेत, मोठ्या तोंडाची आणि लहान तोंडाची, आणि दोन्हींत नर घरटे करतो. तो शेपटीने तळाची वाळू आणि गोटे झाडून परातीएवढी स्वच्छ जागा करतो. मादी तिथे अंडी घालून निघून जाते आणि नर अंड्यांवर, नंतर पिल्लांवर कित्येक दिवस पहारा देतो. या काळात तो फारसे खात नाही. तरीही जवळ आलेल्या वस्तूवर झडप घालतो, कारण ती वस्तू त्याच्या लेखी अंडी खायला आलेला शत्रू असते. डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हे तपासले होते. घरट्यावरच्या नराला गळाने उचलले आणि लगेच सोडून दिले, तरी त्या अवधीत लहान मासे येऊन अंडी खातात. दमलेला नर पुष्कळदा घरटे सोडून देतो, आणि वीण वाया जाते. इलिनॉय राज्यातल्या रिज लेक या तळ्यात १९७०च्या दशकापासून चाललेला प्रयोग तर याहून विचार करायला लावणारा आहे. वारंवार गळाला लागणाऱ्या आणि सहसा न लागणाऱ्या बासांची वेगवेगळी पैदास पिढ्यान्‌पिढ्या करून पाहिली, तेव्हा गळाला लागण्याचा स्वभाव काही अंशी आनुवंशिक असल्याचे दिसले. शिवाय सहज लागणारे नर पिल्लांची राखण जास्त नेटाने करणारे निघाले. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला गळवाला पाण्यातले सर्वांत चांगले बाप निवडून काढत असतो. दक्षिण ओंटारियोच्या बहुतेक भागांत बासवरचा गळ जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद ठेवतात त्यामागे हीच समज आहे.

हे सगळे आपल्याला कशाला हवे, असे कोणी म्हणेल, कारण बास आपल्याकडे नाही. पण बासची जागा आहे, आणि ती रिकामी नाही. संभाजीनगरच्या भोवतालची जमीन काळ्या पाषाणाची, उतार तुटक, पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या एका अंगाला वाघूर तापीकडे जाते. दुसऱ्या अंगाला शिवना गोदावरीकडे वळते, आणि पूर्णा गिरिजेला पोटात घेऊन पार परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. अशा नदीत आठ महिने टिकायचे तर माशाला दोन गोष्टी साधाव्या लागतात. डोहातले गढूळ, तापलेले, प्राणवायू संपत आलेले पाणी सोसायला हवे, आणि पुन्हा पाणी येईल तेव्हा त्यात पहिल्याने पसरायला हवे. मरळीला दोन्ही साधते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेणारा एक खास कप्पा असतो. ती ठराविक वेळाने वर येऊन तोंडाने हवा ओढते, आणि अंग ओले राहिले तर आटलेल्या डोहाच्या ओल्या चिखलातही बराच काळ तग धरते. २०१५-१६च्या दुष्काळासारख्या वर्षात, जेव्हा पैठणचा नाथसागरही मृतसाठ्यावर आला होता, तेव्हा ओढ्यातल्या कितीतरी माशांना कुठलाच आसरा उरला नव्हता. मरळीसारख्या हवा घेणाऱ्या माशालाच अशा वेळी काही आशा असते. दबा धरून बसणे, गवताच्या कडेने हलणाऱ्या बेडकावर किंवा माशावर एका झेपेत तुटून पडणे, गळ लागल्यावर पाणवनस्पतीत मुसंडी मारणे, हे सगळे वागणे बासची आठवण करून देणारे आहे. तेलंगणाने तर मरळीला राज्यमाशाचा मान दिला आहे.

बासशी तिचे सर्वांत खोल साम्य मात्र घरातले आहे. पावसाने काठालगतचे गवत पाण्याखाली गेले की मरळीची जोडी उथळ पाण्यात वनस्पती बाजूला सारून एक मोकळी जागा करते. पिवळसर अंडी पाण्यावर तरंगतात आणि कोमट पाण्यात साधारण दीड दिवसात फुटतात. मग तांबूस-नारिंगी पिल्लांचा एक दाट थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरू लागतो, आणि त्याच्या खाली आईबाप, त्यातही बहुधा नर, पहारा देत चालतात. पिल्ले बोटभर होऊन विखुरतात तोपर्यंत काही आठवडे ही राखण चालते. पिल्ले हवा घ्यायला सारखी पृष्ठभागावर येतात, त्यामुळे पाणी जणू तिथेच उकळत असल्यासारखे बुडबुडते आणि थवा लांबूनही ओळखू येतो. राखण करणारी मरळ या थव्याजवळ आलेल्या कशावरही हल्ला करते. आशियात जिथे जिथे मरळीच्या जाती आहेत तिथे अनेक हौशी गळवाले हे जाणून मुद्दाम पिल्लांच्या थव्यावरूनच रबरी बेडूक ओढतात. पहिल्या-दुसऱ्या फेकीत मासा लागतो, कारण त्याला पळून जायचे नसते. मृगात आणि आर्द्रात मरळ फार चावते असे म्हणतात त्यातला बराच भाग हा आहे. ज्याला आपण भूक समजतो ती राखण असते.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. मासे हजारोंनी अंडी घालतात, एखादी जोडी गेली तर काय बिघडले? हा आक्षेप रोहू-कटल्याच्या बाबतीत बराच खरा आहे. एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखांनी अंडी असतात. ती पुराच्या पाण्यात सोडून मासा निघून जातो, आणि त्या लाखांतली मूठभर जगली तरी त्याचा हिशेब पुरा होतो. मरळीचा हिशेब वेगळा आहे. तिची अंडी मादीच्या आकारानुसार काही हजारांच्या घरात असतात, आणि संख्येची ती उणीव ती पहाऱ्याने भरून काढते. पहारा काढून घेतला की उरतात थोडी, उघड्यावर तरंगणारी, लांबून दिसणारी पिल्ले. चिलापी, पाणसाप, पाणकावळे, बगळे यांच्यासाठी तो ताटात वाढलेला घास असतो. म्हणून मृगात एक नर मरळ काठावर आली तर हिशेबात एक मासा धरू नये, एक अख्खी वीण धरावी.

दुसरा आक्षेप शास्त्राचाच आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरट्यावरचे बास पकडल्याने एखादी वीण जाते हे मान्य करूनही सगळ्या तळ्यातली संख्या त्यामुळे घटते का, यावर अमेरिकेतल्या अभ्यासकांत एकमत नाही. मोठ्या तळ्यात शेकडो घरटी असतात. त्यातली काही वाचली तरी पुढच्या वर्षीची पिढी पुरेशी उभी राहते, कारण पिल्लांना लागणारे खाद्य आणि जागा मर्यादितच असते. हे म्हणणे मला पटते, पण ते ज्या पाण्याविषयी आहे ते पाणी आपले नाही. शिवनेच्या वरच्या अंगाला किंवा खुलताबादच्या एखाद्या ओढ्यात उन्हाळ्यातून वाचलेले डोह बोटावर मोजता येतील इतके असतात आणि प्रत्येकात मरळीच्या जोड्या थोड्याच. तिथे शेकडोंची सरासरी लागू होत नाही. डोहातली एक जोडी गेली तर त्या तुकड्यात पुढच्या वर्षी मासा खालून चढून यावा लागतो, आणि वाटेत बंधारे आहेत. जोडी जितकी एकटी, तितकी तिची प्रत्येक वीण मोलाची.

पकडून सोडून दिला तर, हा तिसरा प्रश्न. अन्नासाठी न मारता खेळ म्हणून मासा धरणे आणि जिवंत परत सोडणे ही चांगली सवय आहे, आणि मी तिच्या बाजूने आहे. पण सोडून दिलेला मासा आणि सोडून दिलेला पहारेकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मरळ हवा घेते म्हणून काठावर जास्त वेळ तगते हे खरे, आणि त्यामुळेच गळवाला तिच्या बाबतीत निष्काळजी होतो. फोटो काढले जातात, वजन केले जाते, मासा चांगला ताजा दिसतो. पाण्यात मात्र त्या पाच-दहा मिनिटांत थवा फुटलेला असतो. बासवरचा १९९७चा अभ्यास नेमका पकडून सोडलेल्या माशांवरच होता हे इथे विसरू नये.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो माणसांविषयी आहे. पहिल्या पावसात मासे धरणे ही आपल्याकडे हौस कधीच नव्हती. चढणीचे मासे, ज्यांना कोकणात वलगणीचे म्हणतात, ते गावोगावच्या घरांत वर्षातून एकदा येणारे ताजे अन्न होते. पुराच्या पाण्याविरुद्ध उथळात, शेताच्या बांधापर्यंत चढून आलेले मासे पोरेसोरेही टोपलीने धरत. भोई समाजाचे तर ते पोट आहे. मृग लागला की हैदराबादेत दम्याच्या औषधाबरोबर मरळीचे जिवंत पिल्लू गिळायला देण्याची जुनी प्रथा आहे, म्हणजे मृग आणि मरळ यांचे नाते निजामाच्या राज्यात राहिलेल्या या सगळ्या पट्ट्यात लोकांच्या मनात पक्के आहे. त्या लोकांना शहरातून गाडीने आलेल्या हौशी माणसाने संयम शिकवावा का? माझे उत्तर असे की हा संयम आधी हौशी माणसाने पाळायचा आहे, आणि त्याच्यासाठीच हे लिहिले आहे. ज्याचे जेवण त्या माशावर अवलंबून नाही त्याच्यासाठी साडेतीन-चार महिने थांबणे हा त्याग नव्हेच. भोयाच्या जाळ्यात चढणीचे जे मासे येतात ते प्रामुख्याने लहान चंदेरी मासे आणि वाम असतात, आणि त्यांची वीण पहाऱ्यावर अवलंबून नसते. मरळीचा थवा ओळखून त्यावर नेमका नेम धरणारी शिकार ही अलीकडच्या गळाची देणगी आहे, परंपरेची नव्हे.

परंपरेचाच आधार घ्यायचा तर तो माझ्या बाजूनेही बोलतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. माशांच्या तीसहून अधिक जाती, त्यांचे खाणे, गळाची काठी, दोरी, कोणत्या माशाला कोणते आमिष, असा तपशील त्यात आहे. गळाचा खेळ आपल्या भूमीत परका नाही एवढे यातून नक्की कळते. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे, की राजाच्या दरबारातही हा खेळ माशाची ओळख करून घेण्यापासून सुरू होत होता. इंग्रजी काळातही हेच घडले. मद्रास इलाख्यातला अधिकारी हेन्री सलिवन थॉमस याने १८७३ साली भारतातल्या गळाच्या खेळावरचे गाजलेले पुस्तक लिहिले आणि १८८७ साली तळ्यांतल्या मासेमारीवर दुसरे. तोच माणूस माशांच्या पिल्लांच्या संहाराविरुद्ध सरकारकडे तळमळीने लिहीत होता. फ्रान्सिस डे यांचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवालही १८७३चाच. नद्यांत सुरुंग आणि विष वापरायला मनाई करणारा १८९७चा कायदा या हाकाटीनंतर आला, आणि ती हाकाटी करणाऱ्यांत गळवाले होते.

सुरुंग आणि विषाचा विषय निघाला म्हणून शेवटचा आक्षेप. खामसारख्या नदीत शहराचे सांडपाणी वाहते, कुठे विजेचा झटका देऊन मासे मारतात, कुठे कीटकनाशक ओततात, उन्हाळ्यात डोहातले उरलेले पाणीही पंपाने उपसले जाते. या सगळ्यापुढे एका गळाची काय मातब्बरी? अगदी बरोबर, गळ हे सर्वांत लहान कारण आहे. पण हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. इतक्या आघातांतून जी जोडी मृगापर्यंत पोचली ती आधीच निवडून निघालेली आहे, आणि तिच्यावर शेवटचा घाव घालणारा हात गळवाल्याचा असू नये. शिवाय सांडपाण्याविरुद्ध बोलणारा, उपशाची तक्रार करणारा, विष ओतणाऱ्याला अडवणारा माणूस नदीला हवा आहे, आणि बारा महिने काठावर जाणाऱ्या गळवाल्याइतका योग्य साक्षीदार दुसरा मिळणे कठीण. पिल्लांचा थवा दिसल्यावर जो गळ गुंडाळतो त्याच्या तक्रारीला गावात वजन येते.

मग गळ टाकायचा कधी? इथे सुरुवातीला सांगितलेली अट कामाला येते. मृगाचे पाणी काळ्या मातीने दाट झालेले असते आणि नजरेवर चालणारी कृत्रिम माशी त्यात वाया जाते. त्या पाण्यात फ्लाय फिशिंग करायला निघणे हे कसबाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. परतीचा पाऊस सरला, आश्विनात पाणी निवळले, ऑक्टोबरात कोल्हापुरी बंधाऱ्यांना दारे बसवून पाणी अडवले गेले, की मागे गवताच्या काठाचे लांबलचक शांत डोह तयार होतात. पावसाळाभर बेडूक आणि लहान मासे खाऊन मरळ तेव्हा भरलेली असते, पिल्ले विखुरलेली असतात, आणि आता ती झडप घालते ती खरोखर भुकेपोटी. ती हवा घ्यायला वर येते तिथे पाण्यावर एक वलय उठते. ते पाहून थोडे पुढे माशी उतरवायची आणि थांबत थांबत ओढायची. माशी फोमची, तरंगणारी, गवतात न अडकणारी हवी. काठी सात किंवा आठ नंबरची, कारण मासा गवतात शिरण्याआधी वळवावा लागतो. टोकाचा तंगूस जाड घ्यावा, मरळीला दात आहेत. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा आणि मासा ओल्या हाताने पाण्यातच सोडवावा. मार्गशीर्षात थंडी वाढली की ती सुस्तावते, म्हणजे चांगला काळ जेमतेम दोन महिन्यांचा, पण त्यात जे मिळते ते स्वच्छ पाण्यातले आणि बरोबरीचे असते.

ज्याला मृगात हात आवरत नाही त्याच्यासाठीही पाण्यात काम आहे. चिलापी ही आफ्रिकी वंशाची मासळी १९५२ साली भारतात आणली गेली आणि आज तळी-धरणांत देशी माशांची जागा खात पसरली आहे. ती लहान बुडत्या माशीला चांगली लागते, आणि तळ्यांच्या कडेचे पाणी ओढ्यापेक्षा लवकर निवळते. धरणा-तलावांतले मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात आणि जायकवाडी तर पक्षी अभयारण्य आहे, म्हणून परवानगी आधी घ्यावी. चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. मरळीच्या बाबतीत जो हिशेब आपल्याला थांबवतो तोच इथे उलटा लागू पडतो, कारण पावसाच्या सुरुवातीला काढलेली एक चिलापी म्हणजे एक अख्खी वीण कमी, आणि काठावरच्या गवतात फिरणाऱ्या मरळीच्या पिल्लांना तेवढा एक खाणारा कमी.